चाड्यावरची मूठ

दौंडच्या रहिवाशाला दोन आवाजांची संवय असते. एक आगगाडीचा, दुसरा बंदुकीचा. राज्य राखीव पोलीस दलाचे पांचवा व सातवा असे दोन गट येथें आहेत, आणि नानवीजला त्या दलाचें प्रशिक्षण केंद्र आहे. सरावाच्या दिवशीं वारा अनुकूल असला म्हणजे लाह्या फुटाव्या तसा तो कोरडा आवाज सकाळच्या चहाच्या वेळीं कानांवर येतो. पाहुणा दचकतो, घरचीं माणसें वर्तमानपत्रांतून मान वर काढीत नाहींत.

या सरावांतील एक गोष्ट मला पुष्कळ दिवस नवलाची वाटे. गोळी जाऊन मातींत रुतते, तिचें पुढें कोणी नांव काढीत नाहीं. पण मागें पडलेली पितळेची रिकामी पुंगळी मात्र वेंचून, मोजून परत द्यावी लागते. एक कमी भरली कीं सारीं माणसें वांकून गवत चाळूं लागतात. जी वस्तु आपलें काम करून मोकळी झाली तिच्यासाठीं एवढा आटापिटा कशाला, असें वाटे. या रिकाम्या पुंगळीची खरी किंमत मला दौंडांत कळली नाहीं. ती कळली अमेरिकेंत, टेक्सस राज्यांत, माझ्या मुलीच्या घरीं, मोटार ठेवण्याच्या खोलींत.

माझे जांवई व्यवसायानें इंजिनिअर. दिवसभर संगणकापुढें बसणाऱ्या माणसाला हातानें कांहीं तरी करण्याची भूक लागते, तशी ती त्यांनाहि लागली. आणि तिकडील मित्रांच्या संगतीनें ते कागदी निशाणावर नेम मारण्याच्या नादांत पडले. आधीं बंदूक आली, मग काडतुसें आलीं, आणि काडतुसांचा खर्च पाहून शेवटीं तीं घरींच भरण्याचें यंत्र आलें. आपल्याकडील वाचकाला हें ऐकून धक्का बसेल. मलाहि बसला. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें इंग्रजांनीं जी दहशत बसविली तिच्यामुळें 'काडतूस' हा शब्दसुद्धां आपल्या घरांत दबक्या आवाजांत उच्चारला जातो. तो कायदा जाऊन १९५९ चा आला, तरी परवान्यावांचून दारूगोळा तयार करणें हा गुन्हाच राहिला; आणि तो तसाच राहावा असें माझें स्पष्ट मत आहे. आपल्या जिल्ह्यांत काडतुसें व्हावयाचीं तीं खडकीला, १८६९ सालापासून चालत आलेल्या आणि २०२१ मध्यें म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेलेल्या कारखान्यांत. तिकडे मात्र स्वतःच्या उपयोगापुरतीं काडतुसें घरीं भरणाऱ्याला त्यांच्या मध्यवर्ती सरकारचा परवाना लागत नाहीं. विकावयाचा धंदा करावयाचा म्हटलें तरच लागतो. त्यामुळें जी वस्तु खडकीला उंच भिंतींच्या आड होते, ती तिकडे कपडे धुण्याच्या यंत्राशेजारीं होते.

माझ्या मुलीला हें मुळींच पसंत नव्हतें. "बाबा, तुम्ही तरी त्यांना सांगा," असें तिनें मला पहिल्याच दिवशीं बजावलें. जांवयाला सासऱ्यानें किती सांगावयाचें असतें, हें ज्यांनीं मुली दिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. मी कांहीं न बोलतां एक तिवई घेऊन त्या खोलींत बसूं लागलों.

काडतुसाचीं अंगें चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं बसविलेली मसुराच्या दाण्याएवढी केप, पोटांत दारू आणि तोंडांत गोळी. केपेवर आघात झाला म्हणजे ठिणगी दारूंत जाते, दारूचा वायु होतो आणि गोळी सुटते. केप, दारू आणि गोळी एका क्षणांत खर्चीं पडतात. पुंगळी तेवढी मागें राहते, आणि या चौघांत बहुधा तीच सर्वांत महाग. आमच्याकडे ती मोजतात ती लबाडीला वाव राहूं नये म्हणून; तिकडे ती वेंचतात ती पुनर्जन्मासाठीं. एक पुंगळी कितीदां तरी भरतां येते. पुढें तिचा गळा चिरला म्हणजे तिला मोडींत टाकतात.

मात्र प्रत्येक पुंगळीच्या नशिबीं हा पुनर्जन्म नसतो. १८६६ च्या सुमारास एडवर्ड बॉक्सर या इंग्रज सेनाधिकाऱ्यानें आणि हायरम बर्डन या अमेरिकन गृहस्थानें केप बसविण्याच्या दोन निरनिराळ्या रीति काढल्या. बॉक्सरच्या पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोंक असतें. वरून त्यांत खिळा उतरला कीं जुनी केप बाहेर पडते. बर्डनच्या पुंगळींत मध्यें इवलीशी ऐरण आणि तिच्या दोहों बाजूंस बारीक भोंकें. तेथें खिळा उतरला तर खिळाच मोडतो. आणि दैवाची थट्टा अशी कीं, इंग्रजाची रीत अमेरिकेनें उचलली आणि अमेरिकनाची रीत युरोपांतील सैन्यांनीं. आमच्या जांवयांचा पहिला खिळा अशाच एका परदेशी पुंगळीनें मोडला. बाहेरून ती इतर पुंगळ्यांसारखीच दिसत होती. आंत डोकावल्यावांचून तिचें कूळ कळण्यासारखें नव्हतें.

यंत्र दिसावयास साधें. मेजाला बोल्टांनीं आवळलेला सांगाडा आणि त्याच्या बाजूला एक दांडा. मध्यें गोल चकती, आणि तिच्या कडेला पंगतींतील पाटांप्रमाणें पुंगळ्या उभ्या करण्याच्या खांचा. दांडा खालीं ओढला कीं चकती वर जाते. पहिल्या पाटावरील पुंगळीची जुनी केप निघते आणि तिचें फुगलेलें अंग सांच्यांत दाबलें जाऊन पूर्ववत् होतें. दांडा परत नेऊन रेटला कीं नवी केप बसते. पुढच्या पाटावर दारू पडते, त्याच्या पुढच्यावर गोळी बसते, आणि अखेरीस पुंगळीचें तोंड गोळीभोंवतीं आवळलें जातें. दर खेपेस चकती एक घर सरकते. आणि एकदां पंगत भरली म्हणजे दांड्याच्या प्रत्येक हेलकाव्यासरशीं एक तयार काडतूस डब्यांत पडतें. पुंगळ्या वरच्या फिरत्या टोपलींतून नळीवाटे उतरतात, केपा दुसऱ्या बारीक नळींतून, आणि दारू तिसऱ्या नरसाळ्यांतून. म्हणजे येथें जेवणारा एक आणि वाढपी तीन. आणि पंगतींत घोंटाळा होतो तो नेहमीं वाढप्यांचा.

मी गेलों त्या आठवड्यांत हें यंत्र दर दहाबारा काडतुसांमागें एकदां अडत होतें. अडलें कीं जांवई दांडा जोरानें रेटीत. न जुमानलें तर पाना घेऊन दोनतीन स्क्रू थोडे थोडे फिरवीत, आणि यंत्र चालूं लागलें कीं "झालें" म्हणून उसासा टाकीत. तें दहा मिनिटांनीं पुन्हां अडे. तीन स्क्रू एकाच वेळीं फिरविले तर गुण कोणत्या स्क्रूचा आणि दोष कोणत्याचा, हें ब्रह्मदेवालाहि सांगतां येणार नाहीं. जॉन स्टुअर्ट मिल्लनें १८४३ सालीं आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत कार्यकारणभाव शोधण्याच्या ज्या रीति सांगितल्या, त्यांतील व्यतिरेकाची रीत नेमकी हीच: बाकीचें सारें जसेंच्या तसें ठेवावें, एकच गोष्ट बदलावी, आणि मग फरक पाहावा. माझे जांवई हें तत्त्व आपल्या कचेरींत रोज पाळीत असले पाहिजेत. पण मनुष्य घरीं आला कीं सदऱ्याबरोबर आपलें तर्कशास्त्रहि खुंटीला अडकवितो.

त्यांतच मीं एक गोष्ट पाहिली. यंत्र जेथें थांबे तेथें त्याचा दोष क्वचितच असे. दौंडच्या माणसाला हें निराळें शिकवावें लागत नाहीं. मनमाडकडून येणारी गाडी आमच्या स्टेशनाबाहेर सिग्नलापाशीं उभी राहते. उतारू इंजिनाला शिव्या देतात. पण इंजिन धडधाकट असतें, अडलेली असते ती पुढच्या फलाटावरची दुसरीच गाडी. येथेंहि तसेंच. चकती अर्धवट फिरून अडली कीं ते चकतीचे स्क्रू सैल करीत. खरें कारण असें कीं, आधींच्या खेपेस दांडा पुरता मागें गेलाच नव्हता. हात थकला म्हणजे हेलकावा दोन बोटें आंखूड होतो, हें हाताला कळत नाहीं. यंत्राला मात्र कळतें. दांडा दोन्हीं टोकांना टेकेपर्यंत, सावकाश, एका लयींत चालवावयाचा एवढें केल्याबरोबर अर्धे अडथळे गेले.

केपांची गोष्ट निराळी. त्या नळींतून खालीं येतात, आणि एक सरकती पट्टी त्यांतील एकेक उचलून पुंगळीखालीं नेते. जुन्या जळलेल्या केपांची काळी राख त्या पट्टीच्या वाटेवर सांचते. पट्टी चिकटते, केप अर्ध्या वाटेवर राहते, किंवा उलटी होते. मेज हलकें असेल, दांड्याच्या प्रत्येक ओढीबरोबर डुलत असेल, तर ती हमखास उलटी होते. आमच्या जांवयांचें मेज डुलत होतें. तें भिंतीला जखडलें, पट्टी काढून पुसली, आणि ही तक्रार मिटली. राहिल्या त्या सैन्यांतून आलेल्या जुन्या पुंगळ्या. त्यांत केप घट्ट राहावी म्हणून तिच्याभोंवतीं पितळेची कड दाबलेली असते. ती कड तासून काढल्यावांचून नवी केप आंत शिरत नाहीं, आणि ती शिरत नाहीं म्हणून जो दांडा रेटील त्याच्या हातांतच ती एखादे वेळीं उडेल. पुंगळ्या नळींत अडकण्याचीं कारणें तर सांगावयासहि नकोत: एखादी उलटी आलेली, एखादीच्या पोटांत दुसरी लहान पुंगळी शिरलेली, एखादींत मैदानावरची माती. तांदूळ निवडणाऱ्या कोणत्याहि बाईनें तो ढीग एकदां हातांखालून घातला असता तर हे अडथळे आलेच नसते.

मी इंग्रजी वाङ्मय शिकविणारा माणूस. अडलेल्या बंदुकीशीं माझी ओळख ती हेन्री न्यूबोल्टच्या 'व्हिटाइ लँपाडा' या कवितेंतली. तींत वाळवंटांतील लढाईंत गॅटलिंग तोफ अडते, आणि कवि शाळेंतील क्रिकेटची आठवण जागी करून शिपायांना हुरूप देतो. ज्या लढाईवरून हा प्रसंग घेतला असें मानतात ती सुदानांतील अबू क्लीची, १७ जानेवारी १८८५ ची. आणि तेथें अडली ती गॅटलिंग नव्हे, गार्डनर. ही कविता मीं वर्गांत अनेकदां शिकविली आहे. पण 'सर, ती तोफ अडली कां?' असें आजवर एकाहि विद्यार्थ्यानें विचारलेलें नाहीं. वीररसाचें हें असें असतें. यंत्र अडल्यावर माणसानें काय ओरडावें हें तो सांगतो. यंत्रापाशीं गुडघे टेकून आंत डोकावण्यास त्याला सवड नसते.

परंतु अडणारें यंत्र हें एका अर्थानें प्रामाणिक यंत्र. तें थांबतें, म्हणजे तें तक्रार करतें. खरें भय असतें न अडतां चालत राहणाऱ्या यंत्राचें. आणि दारूच्या नरसाळ्याचा दोष त्या जातीचा. बारीक गळ्याच्या पुंगळींत लांबट दाण्याची दारू सोडली म्हणजे काटक्यांवर काटक्या अडकाव्या तसे ते दाणे नळीच्या तोंडाशीं एकमेकांना आडवे पडतात आणि तेथें एक पूल तयार होतो. पुंगळींत निम्मीच दारू पडते, किंवा मुळींच पडत नाहीं. दांडा मात्र पूर्वीसारखाच हलका चालतो, चकती फिरते, गोळी येऊन तोंडांत बसते, आणि रिकाम्या किंवा अर्धपोटीं पुंगळीवर झांकण लागतें. इतकेंच नव्हे, तर तो पूल धक्क्यानें मोडला कीं अडकलेली दारू पुढच्या पुंगळीच्या वांट्याला जाते. एक उपाशी आणि दुसरीला अजीर्ण. रिकामें काडतूस झाडलें तर केपेच्या जोरानें गोळी बंदुकीच्या नळींत मध्यावर जाऊन अडकून राहते. आवाज होतो तो फुसका. झाडणाऱ्याच्या तें ध्यानांत न येऊन त्यानें पाठोपाठ दुसरी गोळी झाडली, तर नळी फुटते आणि फुटते ती त्याच्या तोंडापाशीं.

हा दोष मला नवा नव्हता. लहानपणीं आजोळीं, भीमेच्या कांठीं, हस्त-चित्राच्या पावसावर शाळूची पेरणी होई, तेव्हां मी पाभरीच्या मागें मागें चालत असें. ज्यांनीं पाभर पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों: वर चाडें म्हणजे लांकडाचा वाटीसारखा भाग, त्याच्या बुडाला भोंकें, भोंकांतून निघालेले वेळूचे नळे, आणि नळ्यांच्या खालच्या टोकाला जमीन चिरणारे फण. चाड्यावर मूठ धरणारा माणूस बोटांच्या फटींतून दाणे एकसारखे सोडीत जातो. फणाच्या तोंडीं ओल्या मातीचा गोळा बसला कीं नळा तुंबतो. बैल चालतच असतात, पाभर चालतच असते, आणि एक तास वांझ जातो. त्या दिवशीं कांहीं दिसत नाहीं. रान सगळें सारखेंच दिसतें. आठ दिवसांनीं अंकुर वर आले म्हणजे मधली रिकामी ओळ साऱ्या गांवाला दिसते, आणि तिच्या अलीकडे जेथें तुंबलेला गोळा सुटला तेथें धाटांचा झुबका दिसतो. आमच्या आजोळचा म्हातारा गडी मूठ धरी तेव्हां त्याची नजर बैलांवरहि नसे आणि चाड्यावरहि नसे. मान एका बाजूला कलती करून तो नळ्यांतून घरंगळणाऱ्या दाण्यांची सळसळ ऐकत असे. एका नळ्याचा आवाज थांबला कीं तो "हो" म्हणून बैल उभे करी, फण उचलून बोटानें माती काढी, आणि मग पुढें जाण्याऐवजीं पाभर चार पावलें मागें घेई. कारण नळा जेव्हां ऐकूं येईनासा झाला, त्याच्या आधींच कांहीं क्षण तो तुंबलेला असतो.

हीं चार पावलें मला त्या गुरुवारीं रात्रीं आठवलीं. शनिवारीं जांवयांची नेमबाजीची स्पर्धा होती. यंत्र आतां सुरळीत चालत होतें, आणि डब्यांत ऐशीनव्वद काडतुसें पडलीं होतीं. इतक्यांत गोळी ठेवतांना त्यांची नजर सहज एका पुंगळीच्या तोंडांत गेली, आणि त्यांचा हात थांबला. आंत दारू निम्मीच होती. त्यांनीं नरसाळ्याला टिचकी मारली. भुरकन् दारू खालीं आली. पूल मोडला होता. ती पुंगळी त्यांनीं बाजूला ठेवली, नवी घेतली, आणि ते पुन्हां दांड्याला हात घालणार तोंच मीं विचारलें, "आणि याच्या आधींचीं?"

ते डब्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वजन करून पाहूं, बाबा. रिकामें असेल तें कांट्यावर लगेच सांपडेल."

"रिकामें सांपडेल. पण अर्धपोटीं?"

इंजिनिअर माणसाशीं वाद घालावा लागत नाहीं, हा एक मोठा फायदा असतो. त्यांनीं पांच रिकाम्या पुंगळ्या घेऊन एकामागून एक कांट्यावर ठेवल्या. प्रत्येकीचें वजन निराळें; गोळ्यांच्या वजनांतहि थोडा फरक. थोडीशी दारू कमी पडली असती तर ती या फरकांत सहज लपून गेली असती. मग मीं त्यांना पाभरीची आणि मागें घेतलेल्या चार पावलांची हकीकत सांगितली. "पण येथें चार पावलें म्हणजे किती?" त्यांनीं विचारलें, आणि प्रश्न अगदीं रास्त होता. शेतांत तास आपल्या क्रमानें जमिनीवर पडलेला असतो; डब्यांतील काडतुसांना क्रम कोठला? दाराशीं मुलगी केव्हां येऊन उभी राहिली होती तें आम्हां दोघांनाहि कळलें नव्हतें. ती कांहीं बोलली नाहीं. त्यांनीं एकदां तिच्याकडे पाहिलें आणि फडताळांतून तें हातोडीसारखें साधन काढलें.

त्या हातोडीच्या पोकळ डोक्यांत काडतूस अडकवून ती लांकडाच्या ठोकळ्यावर आपटली म्हणजे पुंगळी जागच्या जागीं राहते आणि गोळी आपल्याच जडत्वानें सुटून बाहेर येते, मागोमाग दारू. एका काडतुसाला तीनचार ठोके. ते ठोकीत होते, मी प्रत्येकांतली दारू एका पांढऱ्या बशींत ओतून पाहत होतों आणि मग बाटलींत परत टाकीत होतों. पन्नास झालीं तरी एकहि सदोष निघालें नाहीं. तेव्हां त्यांनीं घड्याळाकडे पाहिलें, मींहि पाहिलें, पण "पुरे" असें दोघांपैकीं कोणीच म्हटलें नाहीं. त्रेसष्टाव्यांत दारू उघड कमी होती. पुढें आणखी एक तसेंच सांपडलें, आणि एक असें कीं, ज्यांत दारू गळ्यापर्यंत येऊन गोळीखालीं घट्ट दाबली गेली होती. पूर्ण रिकामें एकहि नव्हतें. शेवटचें काडतूस सुटलें तेव्हां एक वाजून गेला होता. मुलीनें मध्यें दोनदां कॉफी आणून ठेवली होती, आणि तिसऱ्या खेपेस तीच तिवईवर बसून बशींतली दारू पाहूं लागली होती.

कारण दुसऱ्या दिवशीं सांपडलें. सांच्यांत पुंगळी सुखानें जावी म्हणून तिला जें तेल चोपडतात, त्याचा अंश तिच्या तोंडावरून नरसाळ्याच्या टोंकाला लागला होता. त्या ओशट कडेला दाणे चिकटून पुलाचा पाया तेथेंच पडत होता. नळी धुऊन कोरडी केली. लांबट दाण्याची दारू बंद करून बारीक गोल दाण्याची आणली, आणि तिचें माप छापील पुस्तकांतून नव्यानें पाहून घेतलें. कारण एका दारूचें माप दुसरीला लावणें म्हणजे नस्तें संकट ओढवून घेणें. शिवाय गोळी बसावयाच्या आधींच्या पाटावर एक लहानसा दिवा असा बसविला कीं, प्रत्येक पुंगळीच्या पोटांत उजेड पडावा आणि दांडा ओढण्यापूर्वीं नजर आपोआप तेथें जावी. हा दिवा निवडण्यास मुलगी त्यांच्याबरोबर दुकानांत गेली होती.

शनिवारच्या स्पर्धेला ते बाजारांतून विकत आणलेलीं दोन खोकीं घेऊन गेले. नंबर कितवा आला हें मीं विचारलें नाहीं आणि त्यांनींहि सांगितलें नाहीं. घरीं आल्यावर त्यांनीं पिशवी उलटी केली तेव्हां विकतच्या काडतुसांच्या साऱ्या पुंगळ्या खळखळ करीत मेजावर पडल्या, आणि माझ्या मुलीनें स्वयंपाकघरांतलें सूप आणून त्या पाखडावयास घेतल्या.